उत्तम मुले मिळतील

माईक हातात आला की माणसाचं काय होतं, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा. घरी बायकोसमोर ज्याच्या तोंडून "मीठ कमी आहे" एवढं वाक्य धड बाहेर पडत नाही, तो माणूस माईकसमोर समाजाला दिशा वगैरे देऊ लागतो. आधार तायडे यांचं जळगावच्या वधू-वर परिचय मेळाव्यात असंच झालं. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. त्यांच्या आधी नाशिकचा एक पाहुणा संगणकयुगावर बोलून टाळ्या घेऊन गेला होता. जळगावची बाजू पडते की काय या भीतीनं आधारभाऊ माईकजवळ गेले आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, जय भीम! येत्या दिवाळीच्या आत आपली स्वतःची वेबसाइट निघेल. आपल्या मुलांची स्थळं दुबईत दिसतील, अमेरिकेत दिसतील!"

टाळ्या नाशिककरापेक्षा जास्त पडल्या. तोपर्यंत आधारभाऊंनी संगणक पाहिला होता तो ऑफिसातला, आणि तोही कायम प्लॅस्टिकच्या टोपड्याखाली.

तशी त्यांची तळमळ खरी होती. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्की करता करता ते वर्षानुवर्षं समाजातल्या मुलामुलींची स्थळं जमवत. फुकट. लोक फोटो घेऊन घरी येत आणि त्यांची बायको पुष्पाबाई चहा करी. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं त्यांच्या सख्ख्या भाच्याचंच जमत नव्हतं. भाचा भटू. वय एकतीस, भुसावळजवळच्या वीज केंद्रात पक्की नोकरी, उंचापुरा, निर्व्यसनी. दोष एकच, त्याला खोटं बोलता येत नसे. एरवी हा दोष लपून राहतो, पण पोह्यांच्या कार्यक्रमात तो भसकन बाहेर येई. बोदवडच्या मुलीनं गाणं म्हटलं आणि तिच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, "कसं वाटलं?" तर भटू म्हणाला, "शेवट झाला तेव्हा बरं वाटलं." भुसावळच्या मुलीच्या "तुमचा छंद काय?" या प्रश्नावर त्यानं प्रामाणिकपणे "झोप" असं उत्तर दिलं. भटूची आई झुंबरबाई म्हणजे आधारभाऊंची मोठी बहीण. ती धुळ्याकडच्या खेड्यातून दर महिन्याला येई आणि भावाला एकच वाक्य ऐकवून जाई, "आधार, तू बठ्ठ्या गावना लगीन लावस, अन् मन्हा पोर्‍या तसाच शे."

तर वेबसाइट निघणं भाग होतं.

स्टँडजवळ पुना सुरवाडे नावाच्या तरतरीत माणसानं नुकताच सायबर कॅफे टाकला होता. प्लायवुडची तीन खोपटी, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. एका अमेरिकन कंपनीकडून इंटरनेटवर फुकट जागा मिळते, हे पुनानंच शोधून काढलं. मराठी अक्षरं टाकली की पडद्यावर नुसते चौकोन दिसत, म्हणून इंग्रजी लिपीतच मराठी लिहायचं ठरलं. पहिल्या पानावर मथळा आला, खानदेशी मुले. एम, यू, एल, ई – मुले. खाली भटू धरून सहा जणांची नावं, उंची, शिक्षण. पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा.

हा आकडा मोठा बेइमान निघाला. आधारभाऊ रोज ऑफिस सुटल्यावर कॅफेत येत, पान उघडत, आणि आकडा एकानं वाढलेला पाहून हरखून जात. तो एक म्हणजे आपणच, हे पुनानं त्यांना आठवडाभर सांगितलं नाही. गिऱ्हाईकाचं मन मोडू नये, हा धंद्याचा नियम.

ऑफिसात मात्र साइटची वार्ता वाऱ्यासारखी पसरली. साहेबांनी बोलावून घेतलं.

"तायडे, तुम्ही साइट घेतली म्हणे."

"हो साहेब, आपल्या कृपेनं."

"कुठे?"

"अमेरिकेत."

साहेबांनी चष्मा काढला. "शासकीय कर्मचाऱ्यानं स्थावर मालमत्ता घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, हे तुम्हाला मी सांगायचं का? पैसे कुठून आणले?"

"पैसे नाही पडले साहेब. फुकट दिली त्यांनी."

"फुकट!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मग तर प्रकरण फारच गंभीर आहे."

दोन दिवसांत मेमो आला. सदर साइट स्थावर आहे की जंगम, याचा खुलासा करावा. आयुष्यभर दुसऱ्यांना मेमो काढणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःचा मेमो पडला की काय वाटतं, ते हेडक्लार्कच जाणे. आधारभाऊंनी दोन रात्री विचार करून खुलासा लिहिला, 'सदर साइट हलत नसल्याने जंगम नाही व जमिनीवर नसल्याने स्थावर नाही. सबब ती अस्तित्वात आहे एवढेच नम्रपणे नमूद करण्यात येते.' या खुलाशावर पुढं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही, आणि सरकारी कामात यालाच निकाल म्हणतात.

इकडे दिवाळी जवळ येत होती आणि आकडा काही हलेना. शेजारचे नथ्थूनाना, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, रोज संध्याकाळी कंपाउंडवरून विचारायचे, "काय आधारभाऊ, गाडी सिग्नलला उभी का?" नानांकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असे. त्यांनी रिक्षाला भोंगा लावून साइटचा पत्ता पुकारायचा सल्ला दिला. पण तो पत्ता इतका लांबलचक होता की रिक्षा गल्ली ओलांडून गेली तरी संपला नसता.

शेवटी पुनानं खुर्ची जवळ ओढली. "भाऊ, राग मानू नका. नुसती उंची अन् शिक्षण कोण वाचील? मजकूर दमदार पाहिजे. वाचणारा थांबला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे जाहिरात. इथं लोक एकमेकांच्या साइटवर जाहिरातीच्या पट्ट्या लावतात. तुम्ही त्यांची लावायची, ते तुमची लावतील. पैसा नाही अन् काही नाही."

"म्हणजे इर्जिक," आधारभाऊ म्हणाले. "आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या."

"तेच ते."

दमदार मजकूर म्हटल्यावर आधारभाऊंचं रक्त सळसळलं. तीस वर्षं इंग्रजीत मसुदे लिहिलेला हात. दुबई-अमेरिकेतल्या लोकांना कळावं म्हणून त्यांनी मजकूर इंग्रजीतच लिहिला. प्रत्येक मुलावर एकेक परिच्छेद, आणि भटूवर दोन. 'स्वभावाने गरीब. साधे खाणे. कितीही भार टाकला तरी तक्रार न करता वाहतो. रात्रंदिवस कामाची सवय.' संसाराचा भार, असं त्यांच्या मनात होतं. पण इंग्रजीत ते दोन शब्द जास्त वाटले, म्हणून काढून टाकले. मसुदा सुटसुटीत हवा. भटूचा फोटोही चढवला. मित्राचा काळा कोट मागून घालून काढलेला. फोटो पडद्यावर वरून खाली असा सावकाश उतरायचा, जणू विहिरीत पोहरा सोडलाय, आणि नुसते केस दिसून कपाळापाशी आला की हमखास लाइन तुटायची.

पट्टीवर पुनानं ठळक अक्षरांत तीनच शब्द टाकले, उत्तम खानदेशी मुले. मग शोधयंत्रांत नोंदी केल्या, पट्ट्या सोडल्या, आणि दोघं चहा प्यायला गेले.

त्यानंतर जे झालं ते पुनाच्या कॅफेनं कधी पाहिलं नव्हतं. आकडा पळू लागला. दहा, पन्नास, दोनशे. कुठून कुठून लोक येत. टेक्सास, केंटकी, ऑस्ट्रेलिया. आधारभाऊंनी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनीही एक घेतला, आणि परवानगीचा विषय काढला नाही.

"मी म्हणालोच होतो," नथ्थूनाना म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते. "परदेशात आपल्या पोरांना मागणी शेच."

आणि एका संध्याकाळी ई-मेल आला. अमेरिकेतल्या मिसुरी नावाच्या राज्यातून, हॅरल्ड पिकेट नावाच्या गृहस्थाचा. त्यांनी लिहिलं होतं की तुमचा भटू नावाचा 'मुले' मला फार आवडला आहे. चित्राचं वरचं टोकच दिसलं, पण कोट काळाभोर आणि चकचकीत आहे. वय किती? उंची किती? दात कसे आहेत?

आधारभाऊंनी ते पान छापून घेतलं आणि घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघितलंस का? बाकी सगळं इंग्रजीत लिहिलंय, पण 'मुले' हा शब्द मराठीच ठेवला माणसानं! आपल्या भाषेचा केवढा मान."

"भाषेचं ऱ्हाऊ द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "दात कशाला विचारतोय?"

"तिकडे दातांना फार महत्त्व असतं. हसतात ना सारखे."

उत्तर गेलं. वय एकतीस, उंची पाच फूट आठ इंच, दात उत्तम, एकही किडका नाही. दुसऱ्या दिवशी हॅरल्डसाहेबांचं उत्तर हजर. त्यांना आश्चर्याचा धक्का बसला होता. एवढं वय, एवढी उंची, आणि अजून कामावर? जुंपायची सवय आहे का? लाथा मारतो का?

आधारभाऊंनी शब्दकोश काढला. "संसाराच्या जोखडाला सरावेल का, असं विचारतायत. कवी दिसतो माणूस." लाथांपाशी मात्र ते थांबले. आजवर शेकडो स्थळं जमवली, पण मुलाला कुणी हे विचारल्याचं त्यांना आठवेना. मुलगी हात उचलणाऱ्याच्या घरी जाते की काय, ही भीती प्रत्येक बापाच्या पोटात असते. विचारायची हिंमत या एकट्या परक्या माणसानं केली. आधारभाऊंचे डोळे पाणावले. त्यांनी लिहिलं, 'कधीच नाही. उभ्या आयुष्यात नाही. मी जामीन आहे.'

तिसरा ई-मेल थोडक्यात होता. माझ्या साऱ्या आयुष्यात असा मी ऐकला नाही. खात्री करायलाच हवी. इंटरनेटवरच शोधून काढलेल्या धुळ्याच्या एक डॉक्टरबाई माझ्या वतीनं येत्या रविवारी येऊन त्याला तपासतील.

"लग्नाआधी तब्येत तपासतात तिकडे," आधारभाऊंनी जाहीर केलं. "सुधारलेला देश."

रविवारी तायड्यांच्या घरी एरवी मुलीकडे असते तशी धांदल उडाली. झुंबरबाई आदल्या दिवशीच धुळ्याकडून आल्या होत्या. पुष्पाबाईंनी पोहे केले, शेव आणली, बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार घातला. भटू आत दाढी करत होता. नथ्थूनाना सहज म्हणून येऊन कोचावर बसले होते, इस्त्रीच्या कपड्यात.

दाराशी जीप थांबली. तिच्यातून तिशीच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, पायात चक्क गमबूट. मागून निंबा नावाचा जाडजूड कंपाउंडर, हातात पिशवी, पिशवीतून दोरखंड बाहेर डोकावत होता. दोरखंडाकडे सगळ्यांनी पाहिलं, पण पाहुण्यांना कसं विचारणार?

"मी डॉक्टर कमल बिऱ्हाडे. पिकेटसाहेबांनी पाठवलंय." बाई टेकल्या, पाणी प्यायल्या आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "कुठे आहे तो?"

"आत आहे. तयार होतोय."

"तयार कशाला? मला आहे तसाच बघायचाय."

पुष्पाबाईंना बाई एकदम पसंत पडल्या. नाहीतर लोक मुलींना पावडरीचे थर देऊन बसवतात.

"घरातच ठेवता?" डॉक्टरांनी जरा आश्चर्यानं विचारलं.

"एरवी भुसावळला असतो," आधारभाऊ म्हणाले. "वीज केंद्रात कामाला."

"एकतीस वर्षांचा, आणि अजून काम करतो?"

"अहो, रात्रपाळीसुद्धा करतो!"

डॉक्टरांनी निंबाकडे पाहिलं. निंबानं मान हलवली, म्हणजे त्यालाही असं कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं.

"खाणं काय?"

"कळण्याची भाकरी, ठेचा. जे समोर येईल ते."

"भाकरी घालता?" डॉक्टर वहीत लिहिता लिहिता थांबल्या. "बरं. जात समजायला हवी..."

आधारभाऊ ताठ झाले. या प्रश्नाचं उत्तर या घरात तीन पिढ्यांनी मान वर करून दिलं होतं, आणि वेळ पडली तर याही बाईंना ते द्यायची त्यांची तयारी होती. पण डॉक्टर आपल्याच तंद्रीत पुढे म्हणाल्या, "...म्हणजे दोन प्रकार असतात ना. याची आई घोडी आणि बाप गाढव, की उलटं?"

झुंबरबाई समोरच बसल्या होत्या.

त्या उठल्या. हळूहळू, पदर खोचत उठल्या. "काय बोलनी व तू? कोण घोडी?"

"अक्का, थांब," आधारभाऊ म्हणाले.

"थांबू कशी? मन्हा घर ईसन माले घोडी म्हनस! पोर्‍या देखाले उनी का मन्हा उद्धार कराले उनी?"

निंबानं दोरखंडाची पिशवी पोटाशी धरली. नथ्थूनाना कोचाच्या कडेला सरकले, पण उठले मात्र नाहीत. असला प्रसंग सोडून उठण्याइतका माणूस दुधखुळा नसतो. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि अर्ध्या गालाला साबण लावलेला भटू बाहेर आला. सगळं त्यानं ऐकलं होतं, आणि प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं ही त्याची सवय.

"आईचं चुकीचं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "वडलांना मात्र गाढव आईच म्हणते. रोज."

डॉक्टरांनी भटूकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं, दारातून दुसरं कोणी येतंय का म्हणून. "हे कोण?"

"हाच तो," आधारभाऊंचा आवाज चिरकला. "हाच भटू!"

डॉक्टरबाईंनी पर्समधून पिकेटसाहेबांचा कागद काढला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. एम, यू, एल, ई. "तायडेसाहेब, इंग्रजीत याला म्यूल म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, आणि कोट म्हणजे त्याच्या अंगावरचे केस. मी जनावरांची डॉक्टर आहे. मला एकतीस वर्षांचं, खांद्यापाशी पाच फूट आठ इंच उंच खेचर तपासायला पाठवलंय. खानदेशात असलं खेचर निघालं म्हणून मी रविवार मोडून धुळ्याहून आले!"

असा क्षण कुणाच्या वाट्याला येऊ नये. आधारभाऊंना टेक्सास आठवलं, केंटकी आठवलं. कळण्याची भाकरी आठवली. 'मी जामीन आहे' आठवलं. आपण ज्यांना जगासमोर मांडलं ती समाजाची सहा होतकरू मुलं आणि त्यांचे सहा बाप डोळ्यांपुढून सरकले. पेढा खाताना साहेब हसले होते का, तेही ते आठवून पाहू लागले. ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, "पुष्पा, पाणी."

पाण्याच्या आधी हसू आलं. आधी निंबाला, मग डॉक्टरबाईंना. पदर तोंडाशी धरूनही ते आवरेना. पुष्पाबाई हसल्या, नाना तर खोकलाच लागेपर्यंत हसले. शेवटी झुंबरबाई, ज्यांना अजून नीट कळलं नव्हतं, त्याही "मर माय, काय शे हाई!" म्हणत खाली बसल्या. हसला नाही तो एकटा भटू. तो विचार करत होता.

"पण दात बघायचे असतील तर बघा," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या लांब आलात."

मग पोहे आले. ते करून ठेवलेलेच होते. डॉक्टरबाईंनी दोनदा घेतले. भटूनं साबण पुसला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग बशी ठेवून म्हणाल्या, "मी आजवर पोह्यांसाठी खूपदा पाट मांडून बसलेय. सगळे म्हणतात, बायकोच्या नोकरीला आमची काही हरकत नाही. घरी जातात, आणि निरोप येतो, मुलगी जनावरांत हात घालते. तुम्ही खरं बोलता असं दिसतंय, म्हणून विचारते. बायको म्हशीचं बाळंतपण करून घरी आली, अंगाला तो वास. चालेल?"

आधारभाऊंनी श्वास रोखला. कोपऱ्यातून त्यांनी भाच्याला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण, नुसतं हो म्हण. आयुष्यात एकदा खोटं बोल.

भटूनं पुरेसा वेळ घेतला. "वास नाही आवडणार," तो म्हणाला.

आधारभाऊंनी डोळे मिटले.

"पाणी तापवून ठेवीन," भटू म्हणाला.

डॉक्टरबाईंनी खाली आपल्या गमबुटांकडे पाहिलं, आणि मग निंबाला म्हणाल्या, "निंबा, जीपमध्ये बसून राहा जरा. मला थोडा वेळ लागेल."

झुंबरबाई पुष्पाबाईंच्या कानाशी लागल्या. "पोर चांगली शे व. तोंड जरा फटकळ शे. पन आपलं तरी कुठे गोड शे?"

पुढं धुळ्याला जाणं झालं, कमलच्या आईवडिलांनी भटूला तासभर प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं खरं उत्तर मिळाल्यानं ते गोंधळून गेले. पण मुलीचं मन बसलं होतं. मंगल परिणय ठरला. साइटचा मथळा आधारभाऊंनी त्याच आठवड्यात बदलून 'उपवर' केला, आणि केंटकीहून येणारी मंडळी एका रात्रीत बंद झाली. आकडा पुन्हा रोज एकानं वाढू लागला. याचं दुःख त्यांना झालं नाही असं नाही. पण ते कुणाजवळ बोलण्यासारखं दुःख नव्हतं.

मिसुरीला अहवाल मात्र पाठवायचा राहिला होता. मानी माणसाला गप्प बसवत नाही, म्हणून आधारभाऊंनी कमलला फोन करून विनंती केली की साहेबांना काय लिहाल त्याची एक प्रत मला पाठवा. प्रकरण माझ्या सहीनं सुरू झालंय. प्रत पुनाच्या कॅफेत आली. दोनच ओळी होत्या. आधारभाऊंनी त्या वाचल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचल्या, आणि कागद घडी घालून घरी नेला.

"काय लिहिलंय?" पुष्पाबाईंनी विचारलं.

आधारभाऊ खुर्चीत ताठ बसले. घसा साफ केला. तीस वर्षांच्या नोकरीत इतका सुटसुटीत मसुदा त्यांनी पाहिला नव्हता.

"लिहिलंय, जागेवर जाऊन पाहणी केली, खेचर आढळले नाही," ते म्हणाले. "जो आढळला, तो तपासणी अधिकाऱ्याने स्वतःकडे ठेवून घेतला आहे."